स्पायरल घ्यावं की शिलाईचं? स्केचबुक घेणाऱ्यांसाठी

प्रवास, झाडं, माणसं सगळं एकाच स्केचबुकात काढायचंय पण स्पायरल घ्यावं की शिलाईचं हार्डबाउंड, यात अडकला असाल तर हे वाचा. जीएसएम (कागदाचं वजन), साइझ तुम्हाला माहीतच असेल, त्यात जात नाही. मी दोन्ही भरपूर वापरलीत.

उभ्याने काढायचं असेल तर स्पायरल खरंच सोयीचं. पूर्ण मागे दुमडतं, एका हातात नीट बसतं. दादर स्टेशनवर रॅपिड स्केचिंग करताना समोरचा माणूस लोकल आली की उठणारच असतो, तेव्हा शिलाईची वही सांभाळत बसण्यात वेळ जातो. नवीन शिलाईची वही तर सुरुवातीला नीट उघडतही नाही, दोन्ही बाजूंना क्लिपा लावाव्या लागतात आणि वॉश (पातळ रंगाचा हात) दिला की रंग मधल्या खाचेत जाऊन साचतो.

तरी मी शिलाईकडे वळलो ते एका त्रासामुळे, तो म्हणजे पेन्सिल पुसली जाणं. स्पायरलची भोकं तारेपेक्षा मोठी असतात, त्यामुळे प्रत्येक पान थोडं थोडं हलतं. एसटीच्या प्रवासात वही दिवसभर सॅकमध्ये हिंदकळते, समोरासमोरची पानं एकमेकांवर घासतात आणि रात्री उघडून बघावं तर 6बी या मऊ, गडद पेन्सिलीने काढलेल्या चेहऱ्यावरचा उजेड गेलेला, सगळं एकसारखं करडं, वर समोरच्या पानावर त्याचाच धुरकट ठसा. चारकोल असेल तर विचारूच नका. फिक्सेटिव्ह (रेघ पक्की करणारा स्प्रे) मारता येतं, पण प्रवासात तो डबा कोण वागवणार, आणि पेनने काढणाऱ्यांना हा त्रास बहुधा जाणवणारही नाही. शिलाईच्या वहीत पानं दुमडून दोऱ्याने ओवलेली असतात, ती सरकत नाहीत. थोडा ठसा तिथेही उमटतो पण रेघ जागेवर राहते. मोजून बघितलं नाहीये, पण माझ्या जुन्या वह्या शेजारी ठेवल्या की फरक सरळ दिसतो.

शिवाय वाईजवळच्या मेणवलीसारखा घाट काढायचा, पायऱ्या, देवळं, पुढे कृष्णा, तर दोन पानं लागतातच आणि स्पायरलमध्ये नदीच्या बरोब्बर मधून तार जाते.

एकच झाड वेगवेगळ्या ऋतूंत काढायचं म्हणाल तर स्पायरलचं पान फाडणं फार सोपं, म्हणून फसलेलं पान हमखास जातं. काटेसावर फेब्रुवारीत बिनपानांची, नुसती लाल फुलांनी भरलेली, तीच पावसाळ्यात हिरवीगार, ही दोन्ही चित्रं एकाच वहीत पुढेमागे असण्यात जी मजा आहे ती सुट्या पानांत नाही, भले त्यातलं एक फसलेलं का असेना. तारीख मात्र टाका.

लाइफ ड्रॉइंगला, म्हणजे समोरच्या माणसावरून काढताना, मॉडेल एकेक मिनिटाच्या पोझ देत असेल तर हात खांद्यापासून फिरायला हवा, तिथे बोर्डला क्लिप लावलेले ए3 चे सुटे कागदच बरे, दोन्ही वह्या बाजूला ठेवा. आणि तुमचं बहुतेक काम उभ्याने, गर्दीतलं असेल तर स्पायरल घ्या, माझा आग्रह नाही. पण वही वर्षानुवर्षं उघडून बघायची असेल तर मी तरी शिलाईचीच घेईन.

घेताना मधलं पान उघडून दोरा दिसतो का बघा, काही हार्डबाउंड नुसती चिकटवलेली असतात, त्यांची पानं सुटतात. नाहीतर आवडीचा कार्ट्रिज पेपर (ड्रॉइंगचा जाडसर कागद) आणून बाइंडरकडून जुजबंदी (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवणं) करून घ्या. त्याला दोन गोष्टी आधीच सांगा, साइड शिलाई (कडेने आरपार घातलेली) नको कारण ती वही सपाट उघडतच नाही, आणि कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) वहीच्या पाठीला समांतर ठेव, नाहीतर पानं वळायला कडक होतात.