चौदा फुटी बोर्ड, कोरा डेक पॅड आणि खाली दडवलेली मोड

डाउनविंडचा, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून लाटांवरून घसरत जाण्यासाठीचा, जुना पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) घ्यायला निघालेल्या माणसाने आधी डेक पॅड (पाय घसरू नयेत म्हणून बोर्डाच्या वरच्या बाजूला, म्हणजे डेकवर, चिकटवलेलं आवरण) बघावा. बोर्ड चार ठिकाणी खरचटलेला आणि पॅड मात्र कोरा करकरीत असेल, तर पॅड का बदलला याचं पटणारं उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नये.

ज्या व्यवहारावरून हे लिहितो आहोत तो अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या गॉर्जमधला (खोल घळीतला), ओरेगनच्या बाजूचा. जाहिरात अशी होती: चौदा फुटी, २६ इंच रुंद, कार्बनचा डाउनविंड बोर्ड, दोनच उन्हाळे वापरलेला, कुठेही दुरुस्ती नाही, पॅड नुकताच नवा टाकलाय. सोबत पॅडल, लीश (बोर्ड अंगाला बांधून ठेवायची दोरी) आणि कमरेला बांधायचं फुगणारं लाइफ जॅकेट फुकट. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. "अजून दोघं बघायला येतायत, विसार पाठवलात तर तुमच्यासाठी ठेवतो," असा निरोप. विसार गेला. उरलेले पैसे अंधार पडता पडता एका पार्किंगमध्ये, फोनवरून. बोर्ड विकणाऱ्याच्या गाडीच्या टपावर आवळून बांधलेला होता, तिथून उचलून तो थेट दुसऱ्या टपावर चढला. जमिनीवर टेकलाच नाही. दोन आठवड्यांनी भर वाऱ्यात, नदीच्या मधोमध, हँडलच्या वीतभर पुढे त्याचे दोन तुकडे झाले.

तिथेच का मोडला हे समजायला ती नदी समजायला हवी. व्हिएन्टो ते हूड रिव्हर हा सुमारे आठ मैलांचा, म्हणजे साधारण तेरा किलोमीटरचा टप्पा. उन्हाळ्यात समुद्राकडची हवा गार असते आणि पूर्वेकडचा कोरडा मुलूख तापलेला. हवेच्या दाबातल्या या फरकामुळे वारा पश्चिमेकडून गॉर्जमध्ये घुसतो. नदी मात्र पश्चिमेकडे वाहते. वारा आणि प्रवाह असे समोरासमोर आले की लाटा उभ्या होतात आणि एकमेकींच्या जवळ येतात. वाऱ्याकडे पाठ करून एकीवरून दुसरीवर घसरत जायचं, यासाठीच लोक तिथे जातात, आणि बोर्डाची खरी परीक्षाही तिथेच होते. नाक पुढच्या लाटेच्या पाठीवर, शेपूट मागच्या लाटेवर, मधला भाग अधांतरी आणि माणसाचं सगळं वजन नेमकं तिथे. दोन दगडांवर टेकवलेल्या फळीच्या मध्यावर उभं राहिल्यासारखं. लगेच लाट मध्याखाली येते आणि दोन्ही टोकं लोंबतात. एका फेरीत हे शेकडो वेळा होतं. मोडलेला आणि वरवर डकवलेला बोर्ड सपाट पाण्यावर महिनोन्महिने टिकू शकतो, म्हणून विकणारा "तळ्यावर चालवून बघा ना" असं बिनधास्त म्हणतो. तळ्यावरच्या चाचणीने काहीही सिद्ध होत नाही.

आता मोड कशी दडवली होती ते. अशा बोर्डाच्या पोटात ईपीएस फोम असतो, म्हणजे आपला थर्माकोलच. त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं आणि कार्बनचं कापड. ताकद सगळी या पातळ कातडीत, थर्माकोल फक्त वरची आणि खालची कातडी एकमेकींपासून दूर धरून ठेवतो. बोर्ड मध्यावर वाकला की वरची कातडी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाबली जाणारी कातडी आधी चुरगळते, म्हणून पहिली मोड बहुतेक वेळा डेकवर, पावलांच्या आसपास दिसते. नेमका तिथेच पॅड असतो.

प्रामाणिक दुरुस्तीत मोडीच्या दोन्ही बाजूंची कातडी काही इंचांपर्यंत उतरती घासतात, ओला थर्माकोल काढून टाकतात किंवा पूर्ण वाळवतात, मग आधीच्यापेक्षा मोठा असा एकेक कापडाचा थर इपॉक्सीने चढवतात, डेकवरून रेलला (बोर्डाच्या बाजूच्या कडेला) वळसा घालून तळापर्यंत. हे वेळखाऊ काम आहे आणि झाल्यावर दिसतंच. चांगला कारागीर ते लपवतही नाही. या बोर्डाचा पॅड नंतर सोलून काढला तेव्हा खाली एका रेलपासून दुसऱ्या रेलपर्यंत पांढऱ्या लांबीचा (पुट्टीचा) दोन बोटं रुंद पट्टा निघाला. कापडाचा एक धागा नाही. भिंतीची भेग बुजवतात तशी लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, कडेला स्प्रेचा रंग मारून वर पॅड चिकटवलेला. पट्ट्याखालचा थर्माकोल पिवळट आणि दमट, बोट लावलं की दाणे सुटून चिकटत होते. लांबी कडक असते पण ताण सोसत नाही. कडक पट्टा आणि लवचिक कातडी जिथे भेटतात त्या रेषेवर ताण गोळा होतो, आणि बोर्ड त्याच रेषेवर फाटला.

याहून वाईट प्रकारही बाजारात दिसतो. स्वस्तात उरकायला कुणी इपॉक्सीऐवजी पॉलिएस्टर रेझिन वापरतो. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. वरून छान चकचकीत, आत पोकळ.

हे सगळं पैसे देण्याआधी पंधरा मिनिटांत पकडता येतं. मात्र दिवसाच्या उजेडात, बोर्ड टपावरून उतरवून, कोरडा असताना. सगळ्यात मोठा पुरावा वजनाचा. घरातला माणसं तोलायचा वजनकाटा न्यायचा, आधी रिकाम्या हाताने उभं राहायचं, मग बोर्ड उचलून. फिन (तळाला बसवलेला पर) आणि लीश काढून ठेवायची. चौदा फुटी कार्बन बोर्ड साधारण ११ ते १३ किलोचा असतो, पण मोघम आकड्यावर जाऊ नये. त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं आणि त्याच रुंदीचं वजन कंपनीच्या माहितीत शोधून ठेवावं. हाताने घडवलेल्या बोर्डांत थोडा फरक चालतो. दीड-दोन किलोचा फरक मात्र पाण्याचा किंवा आत भरलेल्या पुट्टीचा असतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब सरळ आहे. "पॅड जड आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नये, एवढ्या पातळ पॅडने बोर्ड दोन किलोंनी वाढत नाही.

मग नाणं घ्यायचं आणि नाकापासून शेपटापर्यंत दर चार बोटांवर टिचक्या मारत जायचं, डेक, तळ आणि दोन्ही रेल. चांगल्या जागी आवाज खणखणीत आणि सारखा येतो. तडा गेलेलं मडकं वाजतं तसा बद्द आवाज आला तर तिथे कातडी सुटलेली आहे किंवा आत लांबी भरलेली आहे. तिथे अंगठ्याने दाबून बघावं, दबली तर विषय संपला. पॅडवर आवाज कळत नाही, म्हणून पॅडची कड संपते तिथे दोन्ही रेलवर कसून बघायचं. मोड पॅडखाली लपते, पण रेलवर तिला बाहेर यावंच लागतं. रेलला डोळा लावून तिरप्या उजेडात बोर्डाच्या लांबीने नजर टाकली की रंगातला बारीकसा उंचवटा किंवा चमक तुटलेली जागा दिसते. या बोर्डावर ती दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर होती. एका बाजूची खूण दगडाला घासल्याची असू शकते, समोरासमोरच्या दोन खुणा म्हणजे मोडच. पॅडचा एक कोपरा चार इंच उचलून बघू द्या म्हणावं. नकार आला तर परत फिरावं.

व्हेंट प्लग, म्हणजे बोर्डातली हवा सोडायच्या छिद्राचं बूच, विसरू नये. उन्हात आतली हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती कातडी थर्माकोलपासून उचलते. काळा कार्बन तर लवकर तापतो. काही बोर्डांना हवा सोडणारा पण पाणी अडवणारा पडदा असतो, काहींना हाताने उघडायचा स्क्रू. स्क्रूखालची रबरी रिंग जागेवर आहे का, आणि कुणी छिद्रावर सिलिकॉन फासलाय का, हे बघायचं. प्लग बंद ठेवून बोर्ड थोडा वेळ उन्हात ठेवा आणि संशयाच्या जागी साबणाचं पाणी लावा. चीर असेल तर आतली फुगलेली हवा बुडबुडे काढते. उलटं गणितही लक्षात ठेवा: तापलेला बोर्ड गार नदीत टाकला की आतली हवा आकसते आणि त्याच चिरेतून पाणी आत ओढते. म्हणून केसाएवढी चीरसुद्धा एका हंगामात लिटरभर पाणी पिऊ शकते.

फिन बॉक्समध्ये फिन घट्ट बसवून डावी-उजवीकडे हलवावी आणि बॉक्सच्या कडेने केसासारखी रेष उघडते का ते बघावं. लीशचा प्लग ओढून बघावा. डाउनविंड म्हणून सपाट पाण्याचा शर्यतीचा बोर्ड गळ्यात मारणारेही आहेत: बोर्ड सपाट फरशीवर ठेवला की कळतं, डाउनविंडच्या बोर्डाचं नाक चांगलं वर उचललेलं असतं, सपाट पाण्याच्या बोर्डाचा तळ जवळजवळ सरळ. सरळ नाक उभ्या लाटेत घुसतं आणि माणूस पुढे फेकला जातो.

आता त्या फुकटच्या लाइफ जॅकेटबद्दल. बोर्ड मोडला हे निभावून नेता आलं असतं, याने जीवावर बेतलं असतं. बोर्ड तुटल्यावर पुढचा तुकडा वाऱ्याने निघून गेला, लीश शेपटाच्या तुकड्याला होती म्हणून तो हाताशी राहिला. कमरेच्या पट्ट्याची दोरी ओढली तर नुसता खट्ट आवाज झाला. नळीत तोंडाने फुंकून ते फुगवावं लागलं. उभ्या लाटांत, दमछाक झालेली असताना, प्रत्येक श्वासाला तोंडावर पाणी येत असताना. दोरी ओढल्यावर जॅकेट फुगवणारा गॅसचा छोटा सिलिंडर नंतर काढून बघितला तर त्याच्या तोंडाला आधीच सुईचं भोक होतं. कधीतरी वापरून झालेला रिकामा सिलिंडर परत फिरवून बसवलेला.

हे तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही. सिलिंडर आटे फिरवून बाहेर काढायचा. तोंडावरचा धातूचा पडदा अखंड हवा. सिलिंडरवर त्याचं भरलेलं वजन कोरलेलं असतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून ताडून बघायचं, कमी भरलं तर फेकून द्यायचा. यंत्रणेवरची खूण हिरवी हवी. पिशवी तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावी, सकाळपर्यंत मऊ पडली तर ती गळते. जुन्या जॅकेटसोबत आलेला सिलिंडर चांगला दिसला तरी नवा घ्या, असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २००८ मध्ये पोहण्याच्या, आंघोळीच्या आणि सर्फिंगच्या जागेबाहेर वापरल्या जाणाऱ्या पॅडलबोर्डला जलयान मानलं, त्यामुळे तिथे लाइफ जॅकेट सोबत असणं कायद्यानेच लागतं. फुगणारा पट्टा अंगावर बांधलेला असेल तरच मोजला जातो, बोर्डावर अडकवलेला नाही. भोक पडलेल्या सिलिंडरचा पट्टा दाखवून नियम पाळल्याचं समाधान मिळेल, तरंगायला त्याचा उपयोग नाही.

पैशाची बाजू. विसार मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो, पण "अजून दोघं रांगेत आहेत" आणि "आत्ता पाठवा" ही जोडी आली की सावध व्हायला हवं. झेल (Zelle) या बँकेतून पैसे पाठवायच्या सेवेने किंवा पेपालच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली' प्रकाराने पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण नसतं. पेपालच्या 'गुड्स अँड सर्व्हिसेस'ने दिले तर १८० दिवसांत वाद नोंदवता येतो. त्याचं शुल्क विकणाऱ्याला पडतं म्हणून तो कुरकुरेल, ते शुल्क आपण भरतो म्हणावं. तरीही नाही म्हणाला तर कारण शुल्काचं नव्हतं. बोर्ड दुरुस्त केलेला नाही हे त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्यावं, तोंडी नको. शेपटाजवळ किंवा फिन बॉक्सजवळ अनुक्रमांक असेल तर त्याचा फोटो काढावा. खरवडलेला असेल तर बोर्ड चोरीचाही असू शकतो.

फसल्यावर पहिलं काम जाहिरातीचे स्क्रीनशॉट. या व्यवहारात तक्रारीचा पहिला मेसेज गेल्यावर तासाभरात जाहिरात गायब झाली. शाबूत राहिले ते आधीचे मेसेज, आणि 'कुठेही दुरुस्ती नाही' हे तीन शब्द त्यांत होते, म्हणून पुढे बोलायला काही उरलं. पॅड सोलताना प्रत्येक टप्प्यावर पट्टीसकट फोटो घ्यावेत, तुकडे टाकू नयेत. खाजगी विक्रीत हमी नसते, पण माहीत असलेला दोष विचारल्यावर नाकारणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या) न्यायालयात जाता येतं. व्यवहार ऑनलाइन झाला असेल तर एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडेही नोंद करावी. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण तोच माणूस दुसऱ्या नावाने तसाच बोर्ड विकायला आला तर आधीची नोंद कामी येते.

बोर्ड मोडला नसेल, नुसता ओला आणि डकवलेला निघाला असेल, तर लांबी पूर्ण खरवडून काढावी, चीर खाली येईल असा बोर्ड सावलीत, हवेशीर जागी टेकवावा आणि दर आठवड्याला तोलून आकडा लिहावा. ओल्या थर्माकोलला वाळायला कित्येक आठवडे लागतात, सलग दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही तरच कापड चढवायला घ्यावं. दुरुस्ती चांगली झाली तरी हा बोर्ड तळ्यावरचा, गॉर्जमधला नव्हे. पुढे कुणाला द्यायचाच झाला तर पॅड न लावता द्यावा, जोड उघडा दिसू द्यावा.