कामासाठी टोकियोत? मग सेंतो की ओनसेन?

टोकियोत मीटिंगांमधून एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली, तर सरळ आंघोळीला जा. देवळं नंतर.

सेंतो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. त्याचा कमाल दर टोकियोचं सरकार ठरवतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तो मोठ्यांसाठी ५५० येन झाला. टाय खिशात कोंबून थेट जाता येतं. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मगच हौदात उतरायचं, तेही अंगावर एक चिंधी न ठेवता. पहिल्या दिवशी मी लाजेने अर्धमेला झालो होतो. शेजारच्या आजोबांनी ढुंकूनही पाहिलं नाही! समोर भिंतीवर फुजी रंगवलेला. जपानवर माझा जीव जडला तो तिथेच.

ओनसेन म्हणजे नैसर्गिक गरम झऱ्यावरचं न्हाणीघर; त्याचं पाणी जमिनीतून येतं. कायद्याने ते उगमापाशी किमान २५ अंश तरी हवं, नाहीतर त्यात ठरावीक खनिजं हवीत. हाकोने हे ओनसेनचं गाव टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून रोमान्सकार या एक्सप्रेस गाडीने साधारण दीड तासावर. गंधकाचा वास आला की आपली वज्रेश्वरी आठवते. मात्र अंगावर टॅटू असेल तर बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. ऱ्योकानमधल्या, म्हणजे पारंपरिक जपानी सराईतल्या, मुक्कामाने खिसाही रिकामा होतो. अख्खा रविवार हाताशी असेल तर जरूर जा. मी तीनदा सेंतोलाच गेलो.