खासगी विंडोत चालतं, साध्या विंडोत नाही: फायरफॉक्ससोबतचे काही महिने

आधी निकाल सांगतो. फायरफॉक्स हा ब्राउझर मी ठेवला आहे, पण वेगासाठी नाही की मेमरीसाठी नाही. काही बिनसलं की नेमकं कुठे बिनसलं हे शोधायची साधनं यात आयती मिळतात, म्हणून ठेवला.

गेल्या पावसाळ्यापासून लॅपटॉपवर हाच मुख्य ब्राउझर. घरून हिशेबाची कामं करतो, त्यामुळे दिवसभर टॅबची रांग उघडी असते. मधल्या काळात दोन दुखणी निघाली आणि दोन्हींचं लक्षण एकच. साध्या विंडोत साइट चालेना, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून खासगी विंडोत उघडली की झकास. बरेच जण इथेच थांबतात आणि ती साइट कायम खासगीतच वापरतात. दर वेळी लॉगिन, दर वेळी ओटीपी. कशाला हा जाच?

गोम अशी की खासगी विंडोत एकदम बरंच काही बदलतं. जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात, जुना कॅशे (पानांची साठवलेली प्रत) नसतो, आणि २०१९ च्या ६७व्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी, परवानगी दिल्याशिवाय तिथे चालत नाही. म्हणजे यातलं कोण दोषी ते कळत नाहीच. त्यासाठी मेनूतल्या हेल्पमध्ये ट्रबलशूट मोड आहे, पूर्वी ज्याला सेफ मोड म्हणायचे. यात सगळी एक्स्टेन्शन बंद होतात, कुकीज मात्र जागेवर राहतात. खासगी विंडो आणि हा मोड, दोन्हीकडे साइट उघडून बघितली की संशयित निम्मे होतात.

पहिलं दुखणं एका दुकानाच्या साइटवर होतं. पैसे भरायचं बटण दाबलं जायचं, पुढे काहीच नाही. ट्रबलशूट मोडमध्ये चाललं, म्हणजे एक्स्टेन्शन. निम्मी बंद केली, मग उरलेल्यांतली निम्मी, असं करत कूपन शोधून देणारं एक फुकटचं एक्स्टेन्शन हाती लागलं. प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, घुसवत होतं. फुकटात कूपन कोण देतो म्हणा!

दुसरं जास्त मजेशीर. एका पोर्टलवर अचानक ४०० क्रमांकाची एरर, सोबत ‘रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज’, म्हणजे विनंतीचा हेडर किंवा कुकी फार मोठी. ट्रबलशूट मोडमध्येही तेच. हा संदेश एनजिनएक्स या, साइट चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरचा. साइट दर भेटीला कुकीज देत जाते, ब्राउझर त्या प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवतो, आणि एनजिनएक्समध्ये हेडरच्या (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या) एका ओळीला मुळात ८ केबीची मर्यादा असते. कुकीज त्यापुढे गेल्या की सर्व्हर विनंतीच नाकारतो. खासगी विंडो कोऱ्या पाटीने जाते, म्हणून तिला आत घेतात. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटच्या कुकीज पुसल्या आणि काम झालं. ‘सगळा ब्राउझिंग डेटा उडवा’ हा सल्ला जो तो देतो. तो ऐकला असता तर प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन करत बसावं लागलं असतं.

रिफ्रेश फायरफॉक्स या बटणावरही लोकांचा फार भरवसा. ते एक्स्टेन्शन काढतं, सेटिंग्ज मूळपदावर आणतं, पण बुकमार्क आणि पासवर्डसोबत कुकीजही राखून ठेवतं. कुकीचं दुखणं त्याने कसं जाणार? त्यापेक्षा ॲड्रेस बारमध्ये अबाउट:प्रोफाइल्स (about:profiles) टाकून एक नवी प्रोफाइल, म्हणजे कुकीज-सेटिंग्जचा वेगळा कोरा संच, काढून बघा. जुनीला धक्का लागत नाही.

जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन मी खासगी विंडोतही चालू ठेवलं आहे. तुम्हीही तसं केलं असेल तर तपासणीपुरती ती परवानगी काढा, नाहीतर दोन्ही विंडो सारख्याच बिघडतील आणि तुम्ही साइटला दोष देत बसाल. व्हिडिओ दोन्ही विंडोंत काळा आणि फक्त ट्रबलशूट मोडमध्ये नीट दिसत असेल, तर हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र दाखवायचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारी सेटिंग) बंद करून बघा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. ट्रबलशूट मोड हे ॲक्सिलरेशनही बंद करतो, खासगी विंडो करत नाही.