परळचा उकाडा, ३०६० आणि आफ्टरबर्नर

मी गणेशोत्सव मंडळांच्या देखाव्यांची थ्रीडी चित्रं करून देतो. मंडप उभा राहायच्या आधी कार्यकर्त्यांना आणि मुख्य म्हणजे वर्गणीदारांना 'यंदा असं दिसणार' हे दाखवायचं, एवढंच काम. ते चालतं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. खोली परळच्या चाळीतली, एसी नाही. हे आधीच सांगून टाकलं, कारण एमएसआय आफ्टरबर्नरचं, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वेग, व्होल्टेज आणि पंखा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कौतुक करणारे बहुतेक जण गार खोलीत बसून गेम खेळणारे असतात. मे महिन्यात मुंबईत बसून रेंडर करणाऱ्याचा, म्हणजे थ्रीडी सीनवरून पक्कं चित्र काढणाऱ्याचा, हिशेब वेगळा.

आफ्टरबर्नर फुकट आहे आणि नाव एमएसआयचं असलं तरी कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. माझं कार्ड दुसऱ्याच कंपनीचं आहे. उतरवून घेताना मात्र एमएसआयच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. याच्या नावाने हुबेहूब खोटी पानं उभी केलेली सापडली आहेत; तिथून सॉफ्टवेअरबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही घरात शिरतो.

आता ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे कार्ड कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. लॅमिंग्टन रोडवर कार्ड घेतलं तेव्हाच काउंटरवरचा पोरगा म्हणाला होता, 'भाई, सौ-डेढ़ सौ आराम से बढ़ेगा.' वाढलं की! कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) +१२० मेगाहर्ट्झ, मेमरी +५००, कुठेही क्रॅश नाही. पण पदरात काय पडलं? जी फ्रेम, म्हणजे एक चित्र, १०० सेकंदांत व्हायची ती ९६ मध्ये व्हायला लागली. त्या चार सेकंदांपायी कार्ड ८१ अंशांवर, पंखा पिठाच्या गिरणीसारखा, आणि आतून आई: 'अरे, ते तुझं यंत्र जरा हळू कर. मालिकेतलं एक अक्षर ऐकू येत नाहीये.'

गंमत अशी, की एनव्हिडियाचं कार्ड तापत गेलं की आपला क्लॉक आपणच १५-१५ मेगाहर्ट्झने उतरवत जातं. आपण वरून ढकलायचं आणि उकाड्याने खालून ओढायचं. थंडीत मिळालेला आकडा मे महिन्यात टिकत नाही, तो यामुळे.

म्हणून मी उलट्या दिशेने गेलो, वेग वाढवण्याऐवजी व्होल्ट कमी केले, आणि आफ्टरबर्नरची खरी किंमत तिथे कळली. कंट्रोल आणि एफ दाबलं की एक आलेख उघडतो: आडवे व्होल्ट, उभे मेगाहर्ट्झ, मध्ये चौकोनी ठिपक्यांची चढती रांग. कारखान्यातून आलेलं कार्ड जोर लागला की एक व्होल्टच्या वर जातं. आधी कोअर क्लॉकची सरकपट्टी २०० ने खाली घ्यायची, म्हणजे अख्खी रांग खाली सरकते. मग ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका माउसने धरून १,८३० मेगाहर्ट्झपर्यंत वर ओढायचा आणि बरोबरची खूण दाबायची. त्या ठिपक्याच्या उजवीकडचं सगळं सपाट होतं. कार्ड तेवढ्या व्होल्टच्या वर जायचं नावच घेत नाही.

माझ्याकडे १७० वॉटची ओढ १२५ च्या आसपास आली, तापमान ६९ अंश. फ्रेमला १०१ सेकंद. मूळच्या शंभरापेक्षा एकच सेकंद जास्त, ओव्हरक्लॉकच्या ८१ पेक्षा बारा अंश कमी, आणि रात्रभर रेंडर लावून त्याच खोलीत झोपता येतं. माझा आकडा तुमच्या कार्डाला चालेलच असं नाही; एकाच कारखान्यातली दोन कार्डंही सारखी निघत नाहीत.

ज्यांना वेगच वाढवायचा आहे त्यांनी बेलाशक वाढवावा, कार्ड जळायची भीती लोक उगाच बाळगतात. व्होल्टेज आणि पॉवरची कमाल मर्यादा कार्डाच्या बायोसमध्येच, म्हणजे कार्डात कायम भरलेल्या मूळ प्रोग्राममध्येच, बांधलेली असते. नुसता क्लॉक जास्त झाला तर पडदा क्षणभर काळा होतो, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) स्वतःला सावरतो, फार तर मशीन रीस्टार्ट होतं. दुसऱ्याचं बायोस आणून कार्डात भरणं हा वेगळा उद्योग, त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि पॉवर सप्लाय कुठल्या तरी गल्लीतला बिननावाचा असेल तर आधी तो बदला, पट्ट्यांशी नंतर खेळा.

क्लॉक १५-२० मेगाहर्ट्झच्या पावलांनी वाढवा. मेमरी मात्र फसवी. ती जास्त ताणली तर कधीकधी काहीच कोसळत नाही, फक्त वेग वाढायच्या ऐवजी घटतो, म्हणून दर पावलाला आकडा मोजत राहायचं. चाचणीला मी सुपरपोझिशन हा बेंचमार्क, म्हणजे कार्डाची ताकद मोजणारा प्रोग्राम, चालवतो, पण खरा परीक्षक ब्लेंडरच. बेंचमार्कमध्ये शहाण्यासारखं वागणारं सेटिंग मोठ्या सीनच्या मध्यावर एरर देऊन बसतं. ब्लेंडरमध्ये सेटिंग टिकतंय याची खात्री होईपर्यंत विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करणारं बटण दाबू नका. नाहीतर चुकीचं सेटिंग दर वेळी मशीनबरोबरच उठेल आणि सेफ मोडमध्ये जाऊन ते काढत बसाल.

तक्रार एकच: सुरुवातीची स्किन, म्हणजे आफ्टरबर्नरचं पडद्यावरचं रूप. लढाऊ विमानाचं कॉकपिट वाटावं असा थाट, आणि कामाची अक्षरं मुंगीएवढी. सेटिंगमध्ये जाऊन साधी स्किन लावली की माणसात येतं. पंख्याचा आलेखही तिथेच आहे. पावसाळ्याआधी केसची जाळी उघडून धूळ काढली, तर तो आलेख आणखी थोडा खाली ठेवता येतो.