जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन (कोल्हापूर): कामाचं, पण जपून वापरा

राहणीमान मोजायला जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांची आकडेवारी या सरकारी आकडेवारी-पुस्तकात एका जागी मिळते, हे मोठंच. अडचण भागाकारात आहे: लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची, शाळा-दवाखाने अलीकडचे. दरडोई प्रमाण त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा बरं दिसतं.

खाटांचा तक्ता तर फसवाच. कोल्हापूर शहरातल्या सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात कोकणातले, सीमाभागातलेही रुग्ण येतात. त्या सगळ्या खाटा करवीर तालुक्याच्या (कोल्हापूर शहर यातच येतं) नावावर धरल्या की गगनबावडा तालुका उगाच आणखी मागे पडतो. खाटांऐवजी गावापासून दवाखान्याचं अंतर घ्या.

निर्देशांक काढताना (मूल्य − किमान) ÷ (कमाल − किमान) वापरा. बालमृत्यूसारख्या उलट्या (आकडा जितका कमी तितका चांगला) निकषाचं उत्तर 1 मधून वजा करायला विसरू नका, नाहीतर सगळ्यात वाईट तालुका पहिला येईल! समाधान, विश्वास, मोकळा वेळ यांसाठी मात्र घरोघरी प्रश्नावलीच हवी.