अंगावर पित्त उठलं: जुनी, झोप आणणारी गोळी घ्यावी की नवी?

‘पित्त उठलं’ या दोन शब्दांनी बराच घोळ घातला आहे. अंगावर लालसर, फुगीर, खाजऱ्या गांधी उठल्या की मराठी माणूस पित्त म्हणतो आणि हात आम्लपित्ताच्या गोळीकडे जातो. पोटातल्या आम्लाचा या गांधींशी संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून पाणी झिरपतं, कातडी फुगते आणि खाज सुटते. गंमत अशी, की आम्लावर देतात ते फॅमोटिडिनही हिस्टामिनलाच अडवतं, पण मुख्यतः पोटातल्या वेगळ्या जागी. अंगावरच्या गांधींना ते एकटं पुरत नाही. त्यासाठी अँटिहिस्टामिन लागतं आणि त्यात दोन पिढ्या आहेत.

जुन्या पिढीत क्लोरफेनिरामिन (म्हणजे सीपीएम), डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन. नव्या पिढीत सेटिरिझिन, लिवोसेटिरिझिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. काम दोघींचं एकच: हिस्टामिन ज्या जागी जाऊन बसतं ती जागा आधीच अडवायची. जुनी औषधं मात्र रक्तातून मेंदूत सहज शिरतात. तिथं हिस्टामिन आपल्याला जागं ठेवण्याचं काम करत असतं. तेही अडलं की गुंगी येते. नवी औषधं मेंदूत फारच कमी जातात.

इथंच बहुतेकांचा गैरसमज होतो. ‘ही गोळी घेतली की कशी गाढ झोप लागते, म्हणजे जोरदार आहे!’ मीही वर्षभर असंच समजत होतो. खरं तर गुंगी हा दुष्परिणाम आहे; गांधी दाबण्याच्या ताकदीशी तिचा संबंध नाही. जुन्या गोळीनं खाज लवकर थांबल्यासारखी वाटते, कारण आपण झोपलेलो असतो. ती झोपही चांगल्या प्रतीची नसते: स्वप्नांचा टप्पा कमी होतो आणि सकाळी डोकं जड राहतं. सीपीएम शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे रात्रीच्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी गाडी चालवतानाही असू शकतो. त्यातली वाईट गोष्ट ही, की ‘मला काही झोप येत नाहीये’ असं वाटत असतानाही प्रतिक्रिया मंदावलेल्या असतात. दारू किंवा झोपेची दुसरी औषधं सोबत असतील तर हे सगळं दुणावतं.

गुंगीवरच हिशेब संपत नाही. जुनी औषधं आणखी एका रसायनाचं काम अडवतात, म्हणून तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा काचबिंदूचा धोका असलेल्या माणसानं ती विचारल्याशिवाय घेऊच नयेत. वयस्करांना त्यानं भ्रम होतो, तोल जातो. काही लहान मुलं तर झोपण्याऐवजी उलट जास्तच चेकाळतात.

मग जुन्या गोळीच्या बाजूनं काय उरतं? ती जुनी आहे, ओळखीची आहे आणि इंजेक्शनमध्ये मिळते, म्हणून तातडीच्या उपचारात वापरली जाते. घरी गोळी घेणाऱ्याला मला तरी तिच्या बाजूनं फारसं काही सापडत नाही. ‘खाजेनं झोपच येत नाही, मग झोपेचीच घेतली तर काय बिघडलं’ हा युक्तिवाद मला पूर्वी पटायचा. आता वाटतं, नवी गोळी नियमित घेऊन खाजच आटोक्यात आली तर झोप आपोआप येते. पित्तावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही नव्या पिढीलाच पहिला मान देतात.

नव्या औषधांच्या सुरुवातीला एक डाग आहे, तो लपवू नये. टर्फेनाडिन आणि अ‍ॅस्टेमिझोल ही पहिली दोन न झोपवणारी औषधं हृदयाची लय बिघडवू शकतात हे कळल्यावर १९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या बाजारातून गेली. शरीरात टर्फेनाडिनचं जे रूपांतर होतं तेच आजचं फेक्सोफेनाडिन. त्यात तो धोका राहिला नाही. तसंच सेटिरिझिन हे जुन्या हायड्रॉक्सिझिनचं शरीरात होणारं रूप आहे. म्हणूनच बहुधा त्यात आईच्या गुंगीचा अंश उतरलाय.

आता नव्यांतली निवड. प्रौढांसाठीची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा: सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लिवोसेटिरिझिन ५, लोराटाडिन १०, फेक्सोफेनाडिन १८०, बिलास्टिन २०. मुलांची मात्रा वय-वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नये.

सेटिरिझिन तासाभरात काम सुरू करतं आणि गांधी चांगल्या दाबतं. पण काही जणांना त्यानं सुस्ती येते, म्हणून रात्री घेतलेलं बरं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा कमी करावी लागते. आणखी एक, हल्लीच लक्षात आलेली गोष्ट: महिनोन् महिने रोज घेऊन ते अचानक बंद केलं, की क्वचित काहींना अंगभर भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२५ मध्ये सेटिरिझिन आणि लिवोसेटिरिझिनबद्दल तसा इशारा दिला. अशी खाज आली की माणसाला वाटतं पित्त परतलं, आणि तो पुन्हा गोळी सुरू करतो. दीर्घकाळ घेतलेली गोळी कशी सोडायची, हे म्हणूनच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

फेक्सोफेनाडिन या सगळ्यांत सर्वात कमी झोपवणारं. दिवसभर गाडी, यंत्र किंवा परीक्षा असेल तर मी हेच निवडेन. त्याची एक खोड आहे: फळांच्या रसाबरोबर घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट, सगळ्यांचा रस नडतो. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं आम्लपित्ताचं औषधही त्याला अडवतं, म्हणजे पुन्हा तेच ‘पित्त’ आडवं आलं. साध्या पाण्याबरोबर घ्या. बिलास्टिनचं याहून नाजूक: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, आणि रस नको. ज्यांच्या जेवणाच्या वेळा ठरलेल्या नसतात त्यांना हे जमणं कठीण.

लोराटाडिन शांत स्वभावाचं. परिणाम थोडा सावकाश, सुस्ती कमी. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना डॉक्टर बहुधा लोराटाडिन किंवा सेटिरिझिनच सुचवतात, कारण त्यांचा अनुभव सर्वात जास्त आहे. एका गोळीनं एखाद्याला गुण येत नाही आणि दुसरीनं येतो, हेही होतं. बदलून पाहण्यात कमीपणा नाही.

गोळी कोणती यापेक्षा ती कशी घेता, याला मी जास्त महत्त्व देतो. अँटिहिस्टामिन आधीच उठलेली गांध पुसत नाही, पुढची थोपवतं. चार-आठ दिवसांत निघून जाणाऱ्या पित्ताला, जे पुष्कळदा एखाद्या संसर्गाबरोबर येतं, ते थांबेपर्यंत थोडे दिवस गोळी पुरते. सहा आठवड्यांहून जास्त टिकलं तर ते जुनाट. त्यात खाज सुटल्यावर गोळी शोधण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी घेणं फार उपयोगाचं. आराम पडला नाही तर डॉक्टर नव्या गोळीची मात्रा चौपटीपर्यंत वाढवतात, आणि तरीही भागलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन, साधारण दर चार आठवड्यांनी. चौपट हा निर्णय आपला आपण घ्यायचा नसतो. स्टिरॉइडच्या गोळ्या झटपट आराम देतात, पण त्या फार तर मोजके दिवस. महिनोन् महिने चालवल्या तर पित्तापेक्षा मोठं दुखणं घरात येतं.

जुनाट पित्तात अमुक खाल्ल्यानंच होतं, असं क्वचितच निघतं. तरी लोक एकेक पदार्थ सोडत जातात आणि शेवटी वाळतात. त्याऐवजी आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांवर नजर ठेवा. त्यानं पुष्कळांचं पित्त चाळवतं. त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी करायची असेल तर डॉक्टर सांगतील तसं काही दिवस आधी गोळी थांबवावी लागते, नाहीतर निकाल खोटा येतो.

एखादी गांध पेनानं गोल आखून ठेवा. साध्या पित्ताची गांध चोवीस तासांत त्या जागेवरून जाते, दुसरीकडे नवी उठते. तीच गांध त्याहून जास्त टिकली, खाजेपेक्षा आग जास्त झाली आणि मागे काळानिळा डाग राहिला, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. तिथं गोळ्यांची अदलाबदल न करता त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा रामिप्रिलनं, गांधी न येता नुसतेच ओठ-जीभ सुजतात. ती सूज हिस्टामिनची नसल्यानं यातली एकही गोळी तिथं चालत नाही.

आणि गांधींबरोबर श्वास लागला, आवाज बसला, घसा आवळल्यासारखा झाला, चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर जुनी की नवी हा प्रश्नच उरत नाही. तिथं मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन आणि लगेच रुग्णालय. गोळी घेऊन वाट पाहत बसू नका.