कागदाला साडेचार तारे, डिस्कला दीड

नाशिकला माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. पोटमाळ्यावर व्हॅटच्या जमान्यातल्या फायली साचल्या होत्या, मुदती केव्हाच उलटून गेलेल्या. पूर्वी असलं सगळं मी रद्दीत घालायचे. ते थांबलं गोदाघाटावर. शेंगदाण्याची पुडी उलगडली तर एका अशिलाचा फॉर्म 16, खाली माझाच शिक्का. शेंगदाणे काही गोड लागले नाहीत.

म्हणून या वेळी दारात येऊन कागद कापून देणारी गाडी बोलावली. पाठ थोपटावी असंच काम! दोन मुलं आली, आमच्यासमोर काट्यावर पोती मोजली, 186 किलो भरलं. गाडीच्या मागच्या बाजूला स्क्रीन, आतलं कापणं डोळ्यांनी दिसतं. पिना, स्टेपल काढायची गरज नाही, फक्त बॉक्स फायलींच्या लोखंडी क्लिपा त्यांनी उपटून घेतल्या. पाऊण तासात पोटमाळा रिकामा. मी मूठभर चुरा मागून घेतला आणि पट्टी लावली: 4 मिलिमीटर रुंद, 38 लांब. पी-4 दर्जात (कागद किती बारीक कापायचा याची एक ठरलेली पातळी) एका तुकड्याचं क्षेत्रफळ 160 चौरस मिलिमीटरच्या आत लागतं, म्हणजे बसतं.

एवढी चिकित्सा कशाला, असं ऑफिसातल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी विचारलं. 1979 मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत घाईघाईने कापलेल्या कागदांच्या लांब पट्ट्या इराण्यांनी बसून एकमेकींना जुळवल्या, त्यात गालिचे विणणारेही होते, आणि पुढे ते कागद छापून विकले. नुसत्या उभ्या पट्ट्या पाडणारं यंत्र स्वस्त मिळतं, ते का घेऊ नये याचं उत्तर मला यातच मिळालं.

आता तक्रार. कागदासोबत 7 जुन्या डिस्क दिल्या होत्या, 5 फिरत्या तबकडीच्या आणि 2 एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या. खरं तर माझी काळजी तिथेच होती. 186 किलो कागदात जेवढे पॅन नंबर नसतील तेवढे एका डिस्कमध्ये. आणि फॉरमॅट मारलं म्हणजे पुसलं, हा गैरसमज. बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर जागेवरच असतो. मुलांनी एका हाताच्या प्रेसने प्रत्येक डिस्कला मधोमध भोक पाडलं. तबकड्या वाकल्या, ठीक. एसएसडीलाही तेच.

संध्याकाळी सहज एक एसएसडी स्क्रूड्रायव्हरने उघडली. आत निम्म्याहून जास्त पोकळी! इवलंसं सर्किट एका कडेला, चिपा धडधाकट. भोक गेलं होतं रिकाम्या पत्र्यातून. दुसरीचीही तीच गत. (डिस्क माझ्याकडेच ठेवून घेतल्या होत्या, नशीब.)

फोन केला तर पलीकडून उत्तर, "मॅडम, होल पडलं म्हणजे डेड." कागद इतका बारीक कापणाऱ्या लोकांना चिप कुठे असते हे ठाऊक नसावं? लोहचुंबकाचा उपायही एसएसडीवर चालत नाही, आणि वरून नवा डेटा लिहिला तरी जुने काही कप्पे तसेच राहू शकतात. मुळात डिस्क पहिल्या दिवसापासून कूटबद्ध (डिजिटल किल्लीशिवाय वाचता न येणारी) ठेवली असती तर किल्ली पुसून काम भागलं असतं. ही चूक माझी. नव्या कॉम्प्युटरवर आता ते सुरू केलंय.

शेवटी अंबडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपात गेले. तिथल्या दादांनी चिपा पक्कडीने उचकटून ग्राइंडरवर घासल्या, चहाही पाजला, पैसे घेतले नाहीत.

गाडीवाल्यांचं प्रमाणपत्र आलं ते "डिस्क 7 नग" एवढंच. सीरियल नंबर हवेत म्हणून तीनदा सांगितलं. 11 दिवसांनी सुधारून आलं. त्यात एक नंबर चुकीचा आहे.